बाँबवर फोडलेला नारळ

माझा सगळा जन्म दुसऱ्यांची वजनं उचलण्यात गेला. खरं सांगायचं तर स्वतः उचलण्यात कमी आणि उचलणाऱ्यांवर ओरडण्यात जास्त. सोलापुरात तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते, गल्लोगल्ली माग चालत होते, आणि यंत्रं आली की ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणंही आलंच. आता रबरी चाकांची क्रेन येते आणि ड्रायव्हर खाली न उतरता काम करून जातो. आमच्याकडे क्रेन नव्हती. लोखंडी खांबांची तिवई, तिला लटकवलेली चेनपुली, पहारी, जॅक, रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणि माणसं, एवढंच आमचं भांडवल. ‘मिस्त्री, बॉयलर हलवायचाय’ असा निरोप आला की सामान ट्रकवर टाकून आमची टोळी निघायची.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली भेटली. एका कारखानदारानं बॉयलर बसवून, सिमेंट वाळल्यावर, त्याचं तोंड पूर्वेला हवं म्हणून परत उचलायला लावला. एका डॉक्टरांच्या बायकोला लोखंडी कपाट कुठल्याच खोलीत शोभेना. आम्ही ते वर नेलं, खाली आणलं, शेवटी माडीच्या पायऱ्यांखाली ठेवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “आधीची जागाच बरी होती, नाही का हो?” या धंद्यात पाठीइतकीच जिभेलाही सवय लावावी लागते.

आमचे नियम दोनच. पहिला, वजन हवेत असताना बोलणारा माणूस एकच. बाकीच्यांनी हात चालवायचे, तोंड नाही. दुसरा, वजनावर नारळ फोडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. तिवईवर नाही, जमिनीवर नाही, जे उचलायचं त्याच वस्तूवर. नारळाचा मान बाबूभाईंचा. टोळीत सगळ्यात वडील ते. पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस, पण नारळाशिवाय वजनाला हात लावला असता तर माझ्यावर रुसून घरी गेला असता. त्यांच्या उस्तादानं तसं शिकवलं होतं, विषय संपला. मला विचाराल तर त्यात श्रद्धा होती तेवढाच उपयोगही होता. नारळ फुटेपर्यंत सगळे थांबतात, कोण कुठं उभा आहे ते दिसतं. आणि नारळ आपटला की वस्तू आवाज देते. आत पाणी किंवा तेल भरलेलं असेल तर आवाज बसका येतो, आणि असलं वजन हवेत गेलं की आतला माल एका बाजूला धावतो आणि तिवईसकट सगळं कलंडतं. बाबूभाई डोळे मिटून तो आवाज ऐकायचे आणि मग मला म्हणायचे, “चलो.”

लोक मात्र मला बॉयलरचं विचारत नाहीत. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, “मिस्त्री, ते वळसंगच्या बाँबचं सांगा की.”

राजस्थानच्या वाळवंटात आपल्या सरकारनं अणुस्फोट केला, तो उन्हाळा होऊन गेला होता. सोलापुरात हॉटेलाहॉटेलांत छाती फुगवून चहा पिणं चाललं होतं. ‘आता आपल्याकडंबी हाय’ असं पानवालाही सांगायचा. ती वस्तू ठेवतात कुठं, नेतात कशी, सांभाळतो कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. पौषात एक लष्करी गाडी अक्कलकोट रस्त्याला घसरली आणि हे सगळे प्रश्न सगळ्यांना एकदमच पडले.

झालं होतं एवढंच. वळसंगच्या अलीकडे एका वळणावर मेंढरांचा कळप रस्त्यात आला. लष्कराच्या ड्रायव्हरनं एकही मेंढरू न मारता गाडी वळवली, पण मागच्या ट्रेलरच्या साखळ्या तुटल्या आणि वरची वस्तू उताराला लागून शेतात गडगडत गेली. एक मोठं हिरवं लोखंडी पिंप होतं ते, बैलगाडीएवढं लांब. एक टोक सपाट, दुसरं घुमटासारखं. वर पांढरे आकडे आणि इंग्रजीत सूचना, की आपटू नका, कलंडू देऊ नका, उघडू नका. कलंडू देऊ नका असं लिहिलेली ती वस्तू कलंडून एका विहिरीच्या काठाला जाऊन टेकली होती. भोवती चार जवान बंदुका घेऊन उभे राहिले आणि लोकांना लांब हाकलू लागले.

बंदुका दिसल्या आणि लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

मला तहसील कचेरीचा शिपाई जीप घेऊन बोलवायला आला तोवर सोलापुरात बातमी पिकली होती. एक मेंढी फुगून मेली म्हणे. एका म्हशीनं दूध चोरलं म्हणे. वळसंगकडून येणारं दूध हॉटेलवाले घेईनात. माझी बायको दारात आडवी उभी राहिली. “बॉयलर उचला, कपाटं उचला, पण हे नको. तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या दारात उभी राहू?” खोटं कशाला सांगू, मीही घाबरलोच होतो. लष्कराची स्वतःची क्रेन लांबून यायला बरेच दिवस लागणार होते आणि तोवर काठाची माती सुटून ते पिंप विहिरीत गेलं तर काय, अशी काळजी शिपायानं बोलून दाखवली. त्यानं ‘विहीर’ म्हटलं आणि मी टोळी गोळा केली. बहात्तरच्या दुष्काळात ज्यानं हंडा घेऊन रांग धरली आहे, त्याच्यापुढं विहिरीचं नाव काढल्यावर नाही म्हणवत नाही.

ती विहीर शिवक्काची. म्हणजे शेत तिचं, विहीर सगळ्या वस्तीची. दुष्काळात वस्तीतल्या बायाबापड्यांनी मिळून खडक फोडून ती खोल केली होती. तेवढं एकच गोडं पाणी होतं त्या बाजूला. आम्ही पोचलो तेव्हा वस्तीत गाड्या भरणं चाललं होतं. कणग्या, भांडी, कोंबड्यांचे खुराडे, सगळं गाड्यांवर चढत होतं. शेतात ज्वारी दाणे धरत होती आणि पाखरं हाकलायला मचाणावर एक माणूस नव्हता. शिवक्का तेवढी कमरेवर हात ठेवून उभी होती. साठीची बाई, काटक, कपाळावर आडवी विभूती.

“मिस्त्री तुमीच व्हय? लवकर उचला बाबा ते धोंड,” ती म्हणाली. “माजा ल्योकबी मंगळवेढ्याला सासुरवाडीला निगालाय. एकदा वस्ती उटली की परत बसत न्हाय. दुष्काळात ऱ्हायलो आमी हितं, आन आता पिपाला भिऊन जायाचं?”

वस्तीला खरी धडकी शाळेच्या गुरुजींनी भरवली होती. पण त्यांना दोष देता येत नाही. दूरदेशी एका गावावर लष्करी विमानातून अणुबाँब पडले होते, टोमॅटोच्या मळ्यांत. स्फोट झाला नाही, पण विष पसरलं, आणि लष्करानं तिथल्या शेतांची माती खरवडून पिंपांत भरून नेली. हे गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि ते खरंच घडलेलं होतं. त्यांनी ते वस्तीला जसंच्या तसं सांगितलं.

“माती न्हेणार म्हंत्यात,” शिवक्का मला म्हणाली. “बाँब फुटला तर मरू, त्याचं काय न्हाय. पन माती न्हेली तर मागं ऱ्हायलेल्यांनी जगायचं कशावर?”

मी त्या जवानांवरच्या कॅप्टनसाहेबांकडे गेलो.

कॅप्टन उत्तरेकडचे होते, तरुण, मिशी नुकतीच राखलेली. हिंदीत बोलायचे, मी मराठीतच लिहितो. मी विचारलं, “साहेब, आत काय आहे?”

“सांगायची परवानगी नाही.”

“वजन किती?”

“त्याचीही नाही.”

“भरलेलं आहे की रिकामं, एवढं तरी?”

ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तुम्ही फक्त उचला.” आजवर गिऱ्हाइकांनी मला खूप छळलं, पण वजनाचंच नाव न सांगणारा हा पहिलाच. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जवान पाणी पीत होते ते ट्रकवरच्या टाकीतलं. हातभर अंतरावर भरलेली विहीर, आणि पाणी सोलापूरहून आणलेलं. अनोळखी विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय प्यायचं नाही, असा त्यांचा नियम असतो म्हणे. पण वस्तीला तो नियम कोण सांगणार? लोकांनी बघितलं की जवान आपलं पाणी शिवत नाहीत, आणि बायकांनी तेव्हापासून विहिरीत घागर सोडली नव्हती.

आम्ही कामाला लागलो. काळी माती आतून ओली, तिवईचे पाय रुतायला लागले. म्हणून खाली स्लीपर आडवेतिडवे रचले. एक पाय तर विहिरीच्या काठापासून हातभरावर आला. मला मनातून बरं वाटत नव्हतं. पिंप वर घेतल्यावर विहिरीच्या बाजूला झोकांडी खाल्ली असती तर ते थेट पाण्यात गेलं असतं, आणि मग आत काहीही असो, वस्ती उठलीच असती. सगळं बांधून झालं, वायरचे फास बसले, आणि बाबूभाईंनी पिशवीतून नारळ काढला.

“हे काय?” कॅप्टन पुढं आले.

मी समजावलं. ते ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. “याच्यावर कुणी काही आपटायचं नाही!” एवढ्या मोठ्यानं ओरडले की बांधावरची माणसंही दचकली.

झालं! बांधावर एकच कालवा उठला. “बगा, बगा! नारळ सुदीक फोडू देत न्हाईत!” आतापर्यंत ज्यांनी गाड्या नुसत्या भरून ठेवल्या होत्या त्यांनी बैल जुंपले. गुरुजी मटकन खाली बसले. पिंपात अणुबाँब आहे, यावर लष्करानं आता स्वतःच शिक्का मारला होता. माझ्या टोळीतले दोघं चेनपुली सोडून हळूच मागं सरकले.

मी मधला मार्ग काढायला गेलो. “बाबूभाई, आज तिवईवर फोडा.”

“तिवई कू उठाना है क्या, मिस्त्री?” बाबूभाई नारळ मांडीवर घेऊन स्लीपरवर बसले. “जिसकू उठाना है उसकी इजाजत लेनी पडती. नै तो मैं चला घर कू.”

साहेब हटेनात, बाबूभाई उठेनात. मी दोघांच्या मध्ये उभा. एकाकडे बंदुका, दुसऱ्याकडे नारळ, आणि मला भीती दोन्हीची सारखीच. त्या क्षणी मी धंद्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तेवढ्यात शिवक्का जवानांच्या मधून सरळ चालत आत आली. तिला कुणी अडवलं नाही, का ते मला अजून कळलेलं नाही. विहिरीच्या पायऱ्या उतरून तिनं तांब्या बुडवला आणि वर येऊन कॅप्टनसाहेबांच्या पुढं धरला.

“यप्पा, तुज्या त्या पिपात इखारी काय नसंल, तर माज्या हिरीचं पानी पी.”

मी हिंदीत सांगायला गेलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. कळलं होतं त्यांना.

“तुजी वस्तू हाय,” ती म्हणाली. “तिचं तुला ठाव नसंल तर मग कुनाला ठाव असनार? पी की.”

एक जवान चुळबुळला, “साहेब, टाकीत आपलं पाणी आहे...” कॅप्टननी त्याच्याकडे बघितलंही नाही. टोपी काढून बगलेत धरली, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि वरून धार धरून प्यायले. थोडं पाणी गळ्यावरून शर्टात गेलं. सगळा तांब्या संपवून त्यांनी तो शिवक्काच्या हातात दिला आणि बाबूभाईंकडे वळून म्हणाले, “फोडा.”

बाबूभाईंनी ‘बिस्मिल्ला’ म्हटलं, नारळ डोक्यावर नेला आणि पिंपाच्या घुमटावर हाणला.

ठण्णऽऽ!

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. आधी सगळे घाबरून खाली वाकले, मीसुद्धा. आवाज घुमला, लांबला आणि विरला. बाबूभाईंचे डोळे मिटलेले होते, पण या वेळी त्यांच्या निकालाची कुणाला गरज नव्हती. बांधावरून एका म्हाताऱ्यानं हाळी दिली, “आरं, रिकामं हाय की!” रिकाम्या भांड्याचा आवाज त्या वस्तीला शिकवावा लागत नव्हता. दोन-तीन वर्षं त्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

आणि मग हसू फुटलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, जवान हसले, गुरुजी डोळे पुसत हसले. माझे दोन पळपुटे निमूटपणे परत येऊन चेनपुलीला लागले. पिंप रिकामं आहे म्हटल्यावर पुढचं काम आमच्या हातातलं. एकट्या माझ्या आवाजावर टोळीनं ते इंच इंच वर घेतलं, विहिरीच्या काठापासून सोडवलं, ट्रेलर मागं घेऊन खाली घातला आणि अलगद ठेवलं. फास सोडले तेव्हा कुठं मी श्वास घेतला. माझ्या अख्ख्या धंद्यात वजन खाली टेकल्यावर इतकं हलकं मला कधी वाटलं नाही.

खोबऱ्याचे तुकडे वाटले. पहिला कॅप्टननी घेतला, दुसरा गुरुजींनी. शिवक्काच्या मुलानं गाडीचे बैल केव्हाच सोडले होते, त्याचं बघून बाकीच्यांनीही सोडले. ट्रेलर रस्त्याला लागायच्या आधी मचाणावर गोफण फिरायला लागली होती.

पुढं काही आठवड्यांनी कॅप्टनसाहेब साध्या कपड्यांत माझ्या शेडवर हजर. सुट्टीवर घरी निघाले होते, सोलापूरला उतरून आईसाठी चादरी घेतल्या होत्या. गाडीला वेळ होता म्हणून आमचा पत्ता विचारत आले. चहा मागवला. मी म्हटलं, “आता तरी सांगा, काय होतं त्यात?”

“ढेकूण मारायचं यंत्र,” ते म्हणाले.

लष्करी इस्पितळाच्या कांबळी आणि गाद्या आत भरून वाफेनं उवा-ढेकूण मारायचे, असलं ते पिंप. एका बाजूला काचेची नाजूक मापकं होती म्हणून आपटू नका, कलंडू देऊ नका. बाबूभाई हसता हसता खोकायला लागले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. मीही पोट धरून हसत होतो. साहेब हसत नव्हते.

“मिस्त्री,” ते हळू आवाजात म्हणाले, “त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मला एका डेपोतून माल मिळाला, दुसरीकडे पोचवायचा होता. कागदावर नुसते आकडे. परवानगी नाही म्हणत होतो, कारण माहीत नाही म्हणायची सोय नव्हती. अणुबाँब असा चार जवानांच्या भरवशावर कुणी पाठवत नाही, एवढं कळत होतं. पण गॅस असेल, दुसरं काही विषारी असेल... मनाला सारखं बजावावं लागत होतं.”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. “आणि तरी तुम्ही ते पाणी प्यालात?”

“त्या बाईनं विचारलं, तुला माहीत नसेल तर कुणाला असणार? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पाणी समोर होतं.”

ते गाडीला गेले. ज्या वस्तूला अख्खा तालुका घाबरला, ती वाहून नेणाऱ्यालाच तिची माहिती नव्हती. या खेपेला ढेकणांवर निभावलं. तेव्हापासून मोठ्या हुद्द्याची माणसं ‘सगळं आमच्या ताब्यात आहे’ असं म्हणाली की माझा अर्धाच विश्वास बसतो.

त्याच सुगीत वळसंगकडे एका गुऱ्हाळाचा चरक बसवायला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून शिवक्काकडे गेलो. विहिरीवर बायकांची गर्दी होती. ढेकणांचं सांगितल्यावर ती इतकी हसली की सून बाहेर येऊन बघायला लागली. दुसरं सांगावं की नाही, माझं ठरत नव्हतं. तिचा विश्वास कशाला मोडायचा? पण राहवलं नाही. म्हटलं, “आक्का, त्या साहेबालाही ठाऊक नव्हतं बरं का. काही माहीत नसताना प्याला तो पाणी.”

ती सुपातली ज्वारी पाखडत होती. हात थांबला नाही.

“मला ठाव हाय की,” ती म्हणाली. “तांब्या धरला तवा हात कसा कापत व्हता त्येचा. ठाव असत्या मानसाचा हात कापत न्हाय.”

“मग? तरी तुम्ही राहिलात?”

“त्येला ठाव असतं आन प्याला असता, तर त्यात काय मोटं? ठाव नसताना प्याला, आमच्यासारकाच भिऊन. तवाच ल्योकाला खुनावलं, बैलं सोड म्हनून.”